चित्रांसह निसर्गाची नोंदवही कशी ठेवावी?

पळसबन (धागालेखक)

निसर्गाच्या नोंदवह्या ठेवण्याची आवड आपल्याकडे हळूहळू रुजत आहे आणि ती रुजावी असे मनापासून वाटते. मात्र अशा वह्या चाळताना अनेकदा असे दिसते की पान सजवण्यात जितका जीव ओतलेला असतो, तितका समोरचे झाड पाहण्यात ओतलेला नसतो. सुबक अक्षर असते, कडेने वेलबुट्टी असते, मध्यभागी एक रंगवलेले फूलही असते. पण ते फूल कोणत्या दिवशी पाहिले, कुठे पाहिले, त्याला पाकळ्या किती होत्या आणि त्यावर कोण येऊन बसले होते, याचा पत्ता नसतो. हा धागा दुसऱ्या प्रकारच्या वहीविषयी आहे, जिच्यातले चित्र कुणाला दाखवण्यासाठी काढलेले नसून नीट पाहता यावे म्हणून काढलेले असते.

मी भंडारा जिल्ह्यात राहतो, तेव्हा उदाहरण पळसाचेच घेतो. पळसाला पाने तीनच, हे आपण सगळेच म्हणतो, आणि बहुधा त्यामुळेच त्या तीन पानांकडे कोणी निरखून पाहत नाही. (वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने ते एकच संयुक्त पान असते आणि त्याला तीन पर्णिका असतात, पण म्हण म्हणीच्या जागी ठीक आहे.) पान समोर ठेवून रेघ काढायला बसले की थोड्याच वेळात हात अडतो. मधली पर्णिका दोन्ही अंगांनी सारखी, टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळती असते, पण बाजूच्या दोघी तशा नसतात. त्यांचा तळ तिरका असतो आणि मधल्या शिरेच्या एका अंगाला पाते अधिक रुंद, तर दुसऱ्या अंगाला कमी असते. कोणत्या अंगाला अधिक, हे मी मुद्दाम लिहीत नाही. ज्यांच्या परिसरात पळस आहे त्यांनी पान काढून पाहावे.

फुलाचेही तसेच. दुरून ज्वाळेसारखा दिसणारा घोस खाली पडलेल्या एका फुलावर आणून पाहिला की मखमली, काळपट पेल्यातून निघालेल्या पाच पाकळ्या दिसतात. त्यांपैकी एक मागे वळलेली असते, दोन बाजूंना असतात आणि उरलेल्या दोन एकमेकींना चिकटून पोपटाच्या चोचीसारखा बाक तयार करतात. ती चोच अलगद उघडली की आत दहा पुंकेसर सापडतात, नऊ एकत्र जुळलेले आणि एक सुटा. झाडाखाली सडा पडलेला असताना यासाठी फूल तोडण्याची गरज नसते.

माझी पद्धत साधी आहे. पानाच्या माथ्यावर तारीख, वेळ, जागा, ऊन-वारा-ढग यांची एक ओळ येते. डाव्या हाताला संपूर्ण झाडाची आकृती असते, अगदी लहान, काडीपेटीएवढी. उजवीकडे त्या दिवशी ज्या एका गोष्टीकडे लक्ष द्यायचे ठरवले असेल ती मूळ आकारात, म्हणजे पान तर पान आणि कळी तर कळी. खाली मजकूर, आणि तो तीन भागांत वेगळा ठेवलेला: जे दिसले ते, त्यावरून जे वाटले ते, आणि ज्याचे उत्तर मिळाले नाही ते. पहिले दोन भाग एकमेकांत मिसळू न देणे हे या वहीचे सर्वांत कठीण काम आहे, असे माझे मत आहे. ‘मैना मध प्यायला आली’ हे निरीक्षण नाही. ‘मैनेने चोच फुलात खुपसली, बाहेर काढली तेव्हा कपाळावर पिवळी धूळ होती’ हे निरीक्षण आहे.

एकच झाड वर्षभर धरून ठेवले तर वहीला कणा मिळतो. पळसाच्या बाबतीत थंडीत गळणारी पाने, काळ्या कळ्या, फेब्रुवारी-मार्चमधला बहर, त्यानंतरच्या चपट्या शेंगा आणि उन्हाळ्यातली नवी पालवी असा सगळा क्रम हाती लागतो. शेंगेत बी एकच असते आणि ते टोकापाशी असते, बाकीची शेंग नुसते पाते. हेही बहुतेकांना शेंग चितारतानाच कळते. बहरात कोतवाल, बुलबुल, शिंजीर, साळुंक्या यांची वर्दळ असते आणि भोरड्यांचे थवे उतरतात. या भोरडीला पळसमैना हे दुसरे नाव उगीच मिळालेले नाही.

इतरांच्या पद्धती वाचायला आवडतील.

शाईदौत

लेख आवडला, परंतु एक मूलभूत अडचण आहे. ज्याला शाळेत असल्यापासून चित्रकलेच्या तासाची धास्ती वाटत आली, त्याने हे कसे करावे? मला पान काढायला सांगितले तर मी पिंपळाचे, आंब्याचे आणि पेरूचे पान एकसारखेच काढीन. अशा माणसाने मजकुरावरच भागवावे, की काही उपाय आहे?

रेघोट्या

मी चित्रकला शिकवते, म्हणून उत्तर देण्याचा अधिकार थोडासा गाजवते. शाईदौत, तुम्ही जे एकसारखे पान तीनदा काढाल ते समोरचे पान नसून डोक्यात लहानपणापासून साठवलेले ‘पान’ नावाचे चिन्ह असते. उपाय हाताला नव्हे, डोळ्याला करावा लागतो.

सुरुवातीला कागदाकडे न पाहता पानाच्या कडेवरून नजर अगदी सावकाश फिरवावी आणि त्याच वेगाने पेन्सिल चालवावी. आकृती वेडीवाकडी येईल, ती यावीच. पण पिंपळाच्या पानाचे लांबलचक टोक कुठे सुरू होते आणि आंब्याच्या पानाची कड कशी हलकेच लहरते, हे त्या वेड्यावाकड्या रेघेतही उतरलेले असते. हा सराव काही दिवस झाला की मोजमापाकडे वळावे. पेन्सिल धरलेला हात कोपरात न वाकवता सरळ पुढे करावा, एक डोळा मिटावा, पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंतच्या अंतरात खोडाची जाडी पकडावी आणि तीच जाडी झाडाच्या उंचीत किती वेळा बसते ते पाहावे. बहुतेक नवखे लोक खोड फार जाड आणि पसारा फार लहान काढतात. ही एक युक्ती त्यातले बरेचसे दुरुस्त करते.

तिसरी गोष्ट फांद्यांमधल्या मोकळ्या जागेची. फांद्या काढण्याऐवजी त्यांच्यामधून दिसणाऱ्या आकाशाचे तुकडे काढून पाहा. आकाशाच्या तुकड्याविषयी डोक्यात कोणतेच ठरलेले चिन्ह नसल्यामुळे डोळा प्रामाणिक राहतो.

खोडरबर मात्र घरी ठेवावे. पहिली रेघ चुकीच्या जागी पडली तर तिच्याशेजारी दुसरी, अधिक ठाम रेघ काढावी, कारण आपले पाहणे कसे बदलत गेले तेही कागदावर राहिले पाहिजे. छायांकनाच्या मागे लागू नये. आकृती मूळ आकाराच्या दुप्पट काढली असेल तर शेजारी तसे लिहावे, किंवा एक सेंटीमीटरची लहानशी रेघ मोजपट्टीने आखून ठेवावी.

दुर्बीणवाला

सर्वांचा आदर राखून विरोधी मत मांडतो. मी पक्षी पाहतो आणि पक्षी पळसाच्या पानासारखे समोर पडून राहत नाहीत. हिवाळ्यात येणाऱ्या वटवट्यांपैकी एखादा दोन सेकंद फांदीवर दिसतो. त्याच्या भुवईची रेघ, पंखांवरची पट्टी, पायांचा रंग, यांतले काय पाहिले आणि काय कल्पनेने भरले, हे चित्रावरून कोणालाही सांगता येत नाही. छायाचित्र असेल तर दुसरा जाणकार ते तपासू शकतो. दुर्मीळ पक्ष्याची नोंद कोणत्याही मंचावर टाकली की पहिला प्रश्न छायाचित्राचाच येतो, आणि तो योग्यच आहे. मग हाती कॅमेरा असताना चित्राचा अट्टहास का?

पळसबन

ओळख पटवण्यासाठी छायाचित्र श्रेष्ठ आहे, यात वाद नाही. माझा मुद्दा एवढाच की छायाचित्रात न पाहिलेल्या गोष्टीही येतात, तर चित्रात त्या येऊच शकत नाहीत. त्यामुळे आपण काय पाहिले नाही हे दाखवण्याचे काम चित्र चोख करते. पक्ष्याचे चित्र काढताना जो भाग दिसला नाही तो कोरा सोडावा. पाय गवतात असतील तर पाय काढू नयेत, आणि ‘पाय दिसले नाहीत’ असे बाणाने लिहावे. असे अर्धे चित्र पूर्ण चित्रापेक्षा अधिक विश्वासार्ह असते.

आगरवाट

दुर्बीणवाला यांच्या प्रश्नाला रायगड जिल्ह्यातून एक उत्तर. सुगरणीची वसाहत पावसाळ्यात दर आठवड्याला एकदा, एकाच जागेवरून चितारून पाहा. आमच्याकडे विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर किंवा शिंदीवर घरटी लोंबतात, ती सहज दिसतात आणि पक्षी आपल्या कामात इतके गर्क असतात की सुरक्षित अंतरावर बसलेल्या माणसाचे त्यांना सोयरसुतक नसते.

पहिल्या आठवड्यात फांदीच्या टोकाला नुसता पात्यांचा गुंता दिसतो, पुढे त्याचे उभे कडे होते, मग कड्याच्या एका बाजूला अंड्यांसाठीचा फुगीर भाग तयार होऊन शिरस्त्राणासारखा आकार येतो. इथे काही घरट्यांचे काम थांबते. मादी याच टप्प्यावर घरटे तपासायला येते. तिने पसंत केले तर नर खालची नळी विणून ते पुरे करतो आणि नंतर दुसऱ्या घरट्याला हात घालतो, पसंत केले नाही तर अर्धवट शिरस्त्राण तसेच लोंबत राहते. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास आमच्याच जिल्ह्यातल्या किहीमला राहून सुगरणींचा हा व्यवहार उलगडला होता आणि एक नर हंगामात एकामागून एक अनेक माद्यांशी घरोबा करतो हे दाखवून दिले होते. तो शोध लागण्यासाठी महागड्या उपकरणांची गरज पडली नाही. रोज पाहणे आणि कोणते घरटे कोणत्या टप्प्यावर आहे याची नोंद ठेवणे, एवढ्याची पडली.

वहीत मी संपूर्ण फांदीची बाह्याकृती एकदाच नीट काढतो, प्रत्येक घरट्याला क्रमांक देतो आणि पुढच्या आठवड्यांत त्या क्रमांकांसमोर फक्त लहान आकृत्या काढतो. छायाचित्रे काढली तर शेकडो जमतील, पण सातव्या क्रमांकाचे घरटे तीन आठवडे शिरस्त्राणापुढे सरकले नाही, हे त्या ढिगातून शोधून काढायला पुन्हा वहीच लागेल.

दुर्बीणवाला

वर्तनाच्या अभ्यासापुरते मान्य करतो. वटवट्यांबाबत माझे मत बदललेले नाही.

सड्यावरचा मास्तर

सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत मुलांना घेऊन मी हा उपक्रम करतो. पहिल्या पावसानंतर मातीवर फिरणारा लालभडक मखमली मृगाचा किडा मुलांच्या फार आवडीचा असतो. तो पाहून प्रत्येकाने चित्र काढावे असे सांगितले, तर कोणाच्या चित्रात सहा पाय आणि दोन मिशा आल्या, तर कोणाच्या चित्रात आठ पाय. वाद भिंगाखाली मिटला. पुढची जोडी तो मिशांसारखी पुढे चाचपडत असतो, म्हणून ती मिशा वाटते. पण ते पायच असतात. आठ पाय असल्यामुळे हा किडा कीटकांत बसत नाही, तो कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या गोतातला आहे, हे मी फळ्यावर लिहून सांगितले असते तर चाचणी परीक्षेपर्यंतही टिकले नसते.

कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून तिथली गर्दी सर्वांना ठाऊक आहे. परंतु जांभ्याचे लहानमोठे सडे, म्हणजे उघडी खडकाळ पठारे, या भागात इतरत्रही आहेत आणि वहीसाठी तेच अधिक सोयीचे पडतात. आम्ही दोरीने एक चौरस मीटर जागा आखतो आणि दोरीबाहेर बसून आतले तेवढे चितारतो. मातीचा थर बोटभर, त्यात पाणी साचलेले, आणि तेवढ्यात सीतेची आसवे, गवताचे दोन-तीन प्रकार, खडकाला चिकटलेले शेवाळ, कधी कीटकभक्षी दवबिंदूची तांबूस रोपे. दवबिंदूच्या पानांवरचे चिकट केस आणि त्यांत अडकलेले चिलट वाकून पाहिले तरी दिसते. सीतेच्या आसवांचे किडे पकडणारे सापळे मात्र ओल्या मातीत दडलेले असतात आणि ते पाहायचे तर रोप उपटावे लागेल. ते उपटायचे नाही हा आमचा नियम आहे, म्हणून मुलांच्या चित्रात देठ जमिनीपाशी थांबतो आणि खाली ‘जमिनीखालचा भाग पाहिला नाही’ अशी टीप असते. पळसबन यांनी कोऱ्या सोडलेल्या जागेविषयी लिहिले, त्याला माझा दुजोरा.

घरट्यांबाबत याहून कडक राहावे. अंडी किंवा पिल्ले असलेल्या घरट्याजवळ वही घेऊन बसले की कावळ्यांना आणि मांजरांना आपणच वाट दाखवतो. पिसे, अंडी, घरटी घरी आणून चितारण्याचा मोहही टाळावा; वन्यजीव संरक्षणाचा १९७२ चा कायदा या बाबतीत बराच कठोर आहे.

चार्ल्सकाठ

मी बॉस्टनजवळ राहते. इथून थोड्याच अंतरावर कॉन्कर्ड गाव आहे, जिथे अमेरिकी लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात कोणते रानफूल कोणत्या दिवशी पहिल्यांदा उमलले याच्या याद्या ठेवल्या होत्या. दीडशे वर्षांनंतर इथल्या वनस्पती-अभ्यासकांनी त्याच परिसरात पुन्हा नोंदी घेतल्या आणि त्या याद्यांशी ताडून पाहिल्या, तेव्हा वसंतातले तापमान वाढल्यामुळे अनेक फुले आता आधी उमलतात हे स्पष्ट झाले. थोरो यांच्या मनात हवामानबदल असणे शक्यच नव्हते. त्यांनी तारीख, जागा आणि फुलाचे नाव नेमाने लिहिले, एवढ्यावर हे काम उभे राहिले. जपानमध्ये क्योतो इथल्या चेरीच्या बहराच्या नोंदी तर नवव्या शतकापर्यंत मागे जातात. म्हणून धागालेखकांनी तारखेला दिलेले महत्त्व अधोरेखित करावेसे वाटते.

कोरडवाहू

तारखेविषयी एक शेतकरी म्हणून भर घालतो. आमच्या घरात जुन्या वहीत ‘ज्येष्ठ शुद्ध पंचमी, पेरणी’ अशा नोंदी आहेत. त्या वाचायला गोड वाटतात, पण दोन वर्षांची तुलना करायची म्हटली की अडचण होते, कारण तिथी दरवर्षी सुमारे अकरा दिवस मागे सरकते आणि मग अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. पावसाच्या नक्षत्रांचे तसे नाही. मृग, आर्द्रा, पुनर्वसू ही सूर्याची नक्षत्रे असल्यामुळे मृग दरवर्षी ७-८ जूनच्याच आसपास लागते आणि प्रत्येक नक्षत्र साधारण तेरा-चौदा दिवस चालते. तेव्हा ज्यांना आपल्या पद्धतीने काळ लिहायचा आहे त्यांनी इंग्रजी तारखेशेजारी नक्षत्र लिहावे, तिथी लिहून काही हाती लागत नाही. ‘आर्द्राच्या दुसऱ्या आठवड्यात बांधावर कळलावी फुलली’ ही नोंद माझ्या नातवालाही उपयोगी पडेल.

कळलावीवरून आठवले, तिचे चित्र जरूर काढावे. पानाचे टोकच वळून ताण्याचे काम करते आणि कुंपणाला धरून वेल वर चढते. फूल उमलते तेव्हा पाकळ्यांचा बराच भाग पिवळा-हिरवट असतो आणि पुढच्या काही दिवसांत लाली चढत जाऊन ते सबंध तांबडे होते. म्हणून एकाच वेलीवर वेगवेगळ्या वयाची फुले शेजारीशेजारी काढता येतात. कंद विषारी असतो, हाताळणे टाळावे.

मांडवीतीर

कोरडवाहू, पावसासाठी तुमचे म्हणणे बरोबर, परंतु ‘तिथी लिहून काही हाती लागत नाही’ हे किनाऱ्यावर चालणार नाही. मी गोव्यात, चोडण बेटाच्या समोरच्या काठावर खारफुटीच्या नोंदी ठेवतो. इथे चित्रात काय येणार हे भरती-ओहोटी ठरवते आणि भरती चंद्र ठरवतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, हा कोकणातला जुना हिशेब आहे: चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो, पण वही घेऊन कधी निघावे हे ठरवायला तेवढे पुरते. म्हणून माझ्या पानाच्या माथ्यावर तारीख, तिथी आणि ‘ओहोटी सुरू होऊन किती वेळ झाला’ ही तिन्ही असतात.

खारफुटीत ओळखीची सुरुवात मुळांपासून करावी, कारण पाने लांबून जवळजवळ सारखी दिसतात. तिवराभोवती चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी श्वसनमुळे वर आलेली असतात, तर कांदळाची मुळे खोडातून कमानीसारखी निघून चिखलात रुततात. दोन्हींची आकृती अगदी कच्च्या हाताने काढली तरी गल्लत होत नाही. तिवराच्या पानावर कोरड्या दिवशी मिठाचे बारीक कण दिसतात, बोट फिरवून चाखता येतात. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते आणि हिरव्या, लांब शेंगेसारखे लोंबते; ते दर पंधरवड्याला मोजपट्टी लावून चितारले तर वाढीचा आलेखच तयार होतो.

कोरडवाहू

मान्य. घाटावरच्या माणसाने समुद्राविषयी बोलू नये, हेच खरे.

शाईदौत

रेघोट्याताई, न पाहता रेघ काढण्याचा प्रयोग सुरू केला आहे. निकाल घरच्यांना दाखवण्याजोगा नाही, परंतु पेरूच्या पानाच्या शिरा पात्यावर खोल रुतलेल्या असतात आणि आंब्याच्या पानाच्या तशा नसतात, हे मात्र समजले. आता साहित्याविषयी विचारतो: पावसाळ्यात कागद फुगतो आणि शाई पसरते, त्यावर काय करावे?

रेघोट्या

पावसात पेन्सिलीला पर्याय नाही. एचबी आणि टूबी अशा दोन पुरतात. फार मऊ पेन्सिल दमट हवेत पानोपानी फरफटते. शाई हवीच असेल तर जलरोधक शाईचे पेन घ्यावे, किंवा सरळ साधे बॉलपेन, कारण त्याची शाई तेलकट असल्यामुळे थेंब पडला तरी सहसा फुटत नाही. जेल पेन आणि फाउंटन पेनची नेहमीची शाई या दिवसांत घरीच ठेवावी. कागद दीडशे-दोनशे जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) असला तर हलका रंग सहन करतो. भरपूर पाण्याने रंगवायचे असेल तर तीनशेचा. वही लहान, पुठ्ठ्याच्या पाठीची, एका हातात मावणारी असावी, वर दोन क्लिपा लावाव्यात आणि सगळे प्लास्टिकच्या पिशवीत घालावे.

रंगाबद्दल एवढेच सांगते की ट्यूबमधला तयार हिरवा रंग सह्याद्रीच्या पावसाळ्याशी क्वचितच जुळतो. पिवळ्यात निळा मिसळून, त्यात किंचित तांबडा टाकून हिरवा तयार करावा. वेळ नसेल तर रंगवू नये. आकृतीवर बाण काढून ‘कोवळे पान तांब्यासारखे, जुने गडद हिरवे, खालची बाजू फिकट’ असे लिहावे. फूल कोमेजल्यावर घरी आठवून दिलेल्या रंगापेक्षा जागेवर लिहिलेले हे शब्द अधिक उपयोगी पडतात.

तिसरा मजला

ज्यांना सडा, खाडी, पळसबन यांतले काहीच जवळ नाही त्यांच्यासाठी लिहिते. मुंबईतल्या आमच्या बाल्कनीत कढीपत्त्याची एक कुंडी आहे आणि त्या कुंडीवर वहीची बरीच पाने भरली आहेत. लिंबू फुलपाखराची मादी कोवळ्या पानांवर एकेक सुटे, मोत्यासारखे अंडे घालते. त्यातून निघालेली अळी आधी काळपट-पांढरी, हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, आणि प्रत्येक कातीबरोबर मोठी होत जाते. शेवटच्या कातीनंतर ती एकदम हिरवी होऊन पानांत मिसळून जाते. तिला काडीने हलके डिवचले की डोक्यामागून नारिंगी, दुटोकी शिंगासारखा अवयव बाहेर येतो आणि उग्र वास सुटतो. तो क्षणभरच दिसतो, म्हणून आधी अळीची आकृती तयार ठेवावी आणि मग शिंग भरावे. (वारंवार डिवचू नये, हे वेगळे सांगायला नको.)

रोज एकाच वेळी, मोजपट्टी शेजारी ठेवून अळीची लांबी आणि त्या दिवशी खाल्लेली पाने अशी दोन्ही चितारली, तर तिची भूक शेवटच्या दिवसांत किती वाढते ते आकड्यांशिवायही दिसते. घरात फोडणीसाठी कढीपत्ता बाजारातून आणावा लागतो, एवढीच काय ती झळ.

जुनी पाने

पुण्याजवळच्या दापोडीला एकोणिसाव्या शतकात सरकारी वनस्पती-उद्यान होते. तिथले अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी १८४७ ते १८५० च्या दरम्यान एका एतद्देशीय चित्रकाराकडून उद्यानातल्या वनस्पतींची पावणेदोनशेच्या आसपास चित्रे काढून घेतली आणि ती आज एडिंबरोच्या शाही वनस्पती-उद्यानाच्या संग्रहात आहेत. साहेबाचे नाव, पद, नेमणुकीचे साल सगळे उपलब्ध आहे. ज्याच्या हातातून ती चित्रे उतरली त्या चित्रकाराचे नाव मात्र कुठे नोंदलेले नाही. तेव्हा तारीख आणि जागेबरोबर वहीच्या पहिल्या पानावर आपले नाव आणि गावही स्पष्ट लिहावे, आणि एखाद्या झाडाचे नाव गावातल्या कोणी सांगितले असेल तर ते सांगणाऱ्याच्या उल्लेखासह लिहावे, अशी विनंती.

शाईदौत

शेवटचा प्रश्न विचारतो. ज्या झाडाचे नावच ठाऊक नाही त्याची नोंद कशी करावी? मी टेकडीवर जातो तेव्हा दहांतली आठ झाडे माझ्यासाठी अनोळखी असतात.

पळसबन

नावाची जागा रिकामी सोडा आणि झाडाला तात्पुरती खूण द्या, जसे ‘खाणीजवळचे, खडबडीत सालीचे’. नाव पुढे कधीही मिळते. पण ते मिळण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी पहिल्याच भेटीत चितारलेल्या हव्यात. सर्वांत आधी पानांची मांडणी पाहा: ती फांदीवर समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत, की एकाच पेराभोवती तीन-चार आहेत. नंतर पान साधे की संयुक्त. इथे बरेच जण फसतात, कारण कडुनिंबाची डहाळी वाटते ते एकच पान असते. खूण अशी की खऱ्या पानाच्या बेचक्यात कळी किंवा कोंब असतो, पर्णिकेच्या बेचक्यात तो कधीच नसतो.

मग कड दातेरी की सरळ, शिरा काठापर्यंत पोहोचतात की त्याआधीच वळून एकमेकींना मिळतात, देठाच्या बुडाशी दोन चिमुकली उपपर्णे किंवा गाठी आहेत का, आणि गळून पडलेले पान चुरगळल्यावर वास कसा येतो, याच्या नोंदी घ्या. आपोआप तुटलेल्या देठातून चीक दिसला तर त्याचा रंग लिहा, पण तो बोटाला लागू देऊ नका. बिब्ब्यासारखी झाडे अंगावर उठतात. सालीसाठी कागद खोडावर धरून त्यावर पेन्सिल आडवी घासली की पोत जसाच्या तसा उमटतो.

इतके केल्यावर त्याच झाडाकडे फुलांच्या आणि फळांच्या दिवसांत परत जा आणि वहीच्या त्याच पानावर, वेगळ्या तारखेने, फूल-फळ भरा. त्यासाठी अशा अनोळखी झाडाच्या बाबतीत पहिल्या भेटीतच वहीच्या पानाचा उजवा अर्धा भाग कोरा ठेवलेला बरा. ही माहिती घेऊन इथे प्रश्न टाकलात तर कोणी ना कोणी नाव सांगेलच, आणि छायाचित्रही जोडा, म्हणजे दुर्बीणवाल्यांची तक्रार राहणार नाही.

दुर्बीणवाला

पानाची खालची बाजू आणि पूर्ण झाड, असे दोन वेगळे फोटो टाकावेत. फक्त फुलाचा फोटो पाहून नाव सांगायला बसलो की निम्म्या वेळा आम्हीच आपसांत भांडतो.